बिळिगिरीच्या डोंगरातला आग्या मध: बाटलीत असलेले आणि लेबलावर नसलेले

गेल्या तीन वर्षांत बिळिगिरीरंगन डोंगरातल्या रानमधाच्या सहा बाटल्या आमच्या घरात संपल्या. त्यांतल्या दोन मी स्वतः तिथे जाऊन आणल्या होत्या आणि चार घरपोच मागवल्या होत्या. आता सातवी उघडण्याआधी या मधाविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण मराठीत त्याबद्दल जे थोडेफार वाचायला मिळते ते एक तर 'शंभर टक्के नैसर्गिक' एवढ्यावर थांबते, नाही तर मध पातळ आहे म्हणजे भेसळीचा, असा निकाल देऊन मोकळे होते. हा मध कर्नाटकातल्या चामराजनगर जिल्ह्यातल्या व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून येतो आणि सोलिगा आदिवासी तो काढतात. तो काढण्याचा हक्क त्यांच्या हातात कसा आला, हे ठाऊक असल्याशिवाय या बाटलीचे मोल ठरवता येत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधीच सांगते की ही एखाद्या नाममुद्रेची शिफारस नाही. सोलिगांकडून मध घेऊन तो गाळून विकणारे एकाहून अधिक आहेत, त्यांची लेबले बदलत असतात आणि माझ्या सहा बाटल्या तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या होत्या. त्यामुळे मी लिहिते आहे ते त्या डोंगरातल्या मधाविषयी. तो उत्तम आहे, मी तो पुन्हा घेईन. तक्रारी आहेत त्या बाटलीच्या, झाकणाच्या आणि विशेषतः लेबलाच्या आहेत.

माझे माहेर जावळी खोऱ्यातले. वडील सातेरीच्या, म्हणजे पाळीव देशी मधमाशीच्या, पेट्या ठेवत, आणि मधयंत्रात फिरवून काढलेला तो दाट, सोनेरी मध हाच माझ्या जिभेला मध म्हणून माहीत होता. आग्या मोहोळाचा मध घरी क्वचित यायचा. आला तर रानातून कोणी कातकरी बाटलीत भरून आणायचा, आणि वडील तो आधी उजेडात धरून पाहायचे, मग करंगळीवर एक थेंब घेऊन बराच वेळ तोंडात ठेवायचे. तीच सवय मला लागली आहे. बिळिगिरीच्या मधाची बाटली खिडकीशी धरली तर रंग गडद तांबूस दिसतो, घासलेल्या तांब्याच्या कळशीच्या आतल्या बाजूसारखा. चमच्यातून त्याची धार न तुटता खाली येते, पण सातेरीच्या मधाच्या धारेच्या जशा घड्या पडतात तशा पडत नाहीत. ती पडल्या पडल्या मिसळून जाते. वासात पहिल्यांदा अगदी पुसट धूर जाणवतो, मग ओल्या सालीचा वास येतो. गोडी उशिरा लागते आणि गिळल्यावर घशाशी थोडा तुरट, किंचित कडवट असा ठसा राहतो. मे महिन्याच्या अखेरीस काढलेल्या मधाच्या बाटलीत हा कडवटपणा जास्त होता. जांभळीचा मोहोर येऊन गेलेल्या रानातला मध असा लागतो, हे महाबळेश्वरकडच्या माणसाला सांगायला नको. ज्याने फक्त दुकानातला मध खाल्ला आहे त्याला मात्र पहिल्या चमच्याला बिघडल्यासारखा वाटेल. तो बिघडलेला नसतो.

पातळपणाविषयी दोन शब्द स्पष्ट लिहायला हवेत. आग्या माशी उंच फांदीला किंवा कड्याच्या कपारीला उघड्यावर एकच मोठे पोळे लावते. दमट रानातल्या तिच्या मधात पाण्याचा अंश पेटीतल्या मधापेक्षा सहसा अधिक असतो आणि तो वीस टक्क्यांच्या वरही जातो. आपल्या अन्नसुरक्षेच्या मानकांत मधातल्या पाण्याची मर्यादा साधारणपणे २० टक्क्यांची आहे, त्यामुळे अधिकृतपणे विकायचा तर हा मध मंद आचेवर किंवा यंत्रात ठेवून त्यातले पाणी कमी करावे लागते. ही प्रक्रिया किती जपून केली यावर चव टिकते की जाते हे ठरते. माझ्या सहांपैकी एका बाटलीतला मध इतका तापवलेला होता की वास पार उडाला होता आणि नुसती काकवीसारखी गोडी उरली होती. उरलेल्या पाच चांगल्या होत्या. भेसळीचा संशय असणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बाजारातल्या १३ नाममुद्रांचा मध तपासून घेतला, तेव्हा सगळ्या चाचण्यांत फक्त ३ उतरल्या. बाकीच्यांचा मध दिसायला खऱ्यासारखाच होता, आणि तरी त्यांतल्या बहुतेकांत साखरेचा पाक होता. मधाचा खरेपणा डोळ्यांनी ठरत नाही. तो कोणी काढला, कुठून काढला आणि कोणाच्या हातातून आला हे सांगणारी साखळी असेल तरच काही भरवसा धरता येतो.

त्या साखळीचे पहिले टोक मला तिथे गेल्यावर दिसले. यळंदूरकडून डोंगर चढताना वनखात्याचा नाका लागतो आणि पुढचा रस्ता जंगलातून जातो. वर बिळिगिरीरंगनाचे देऊळ आहे. हा रंगनाथ सोलिगांचा 'भाव', म्हणजे बहिणीचा नवरा. त्याने सोलिगांची मुलगी केली अशी त्यांची कथा आहे, आणि आपला खंडोबा धनगरांच्या बाणाईसाठी चंदनपुरीला गेला ती गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या मला हे नाते कोणी वेगळे समजावून सांगावे लागले नाही. देव ज्यांचा जावई, ते लोक त्या डोंगरावर उपरे असू शकत नाहीत. सोलिगांच्या वस्तीला पोडू म्हणतात, असे साठेक पोडू त्या जंगलात आणि त्याच्या कडेने आहेत. प्रत्येक कुळाचे रानात आपापले देव, झरे, दगड आणि झाडे ठरलेली आहेत. त्यांतला दोड्डसंपिगे हा अवाढव्य सोनचाफा सगळ्यांनाच पूज्य आहे.

पहिल्या बाटलीचा मध ज्या पोडूतून आला होता तिथल्या एका म्हाताऱ्या मध काढणाऱ्याशी माझे अंगणात बसून तासभर बोलणे झाले. ते सोलिगांच्या बोलीत बोलत होते, आमचा गाडीवाला हिंदीत सांगत होता. मी त्यांना अज्जा म्हणत होते आणि ते मला अम्मा. आग्याला ते हेज्जेनु म्हणतात, म्हणजे मोठी मधमाशी; आपली सातेरी ती त्यांची तुडुवे आणि फुलोरी ती कोलुजेनु. मी माझ्या वडिलांच्या पेट्यांविषयी सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की पेटीतल्या माशीला गाणे म्हणतात का. नाही म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. आग्याचा मध अंधाऱ्या रात्री, शक्यतो अमावास्येच्या सुमारास काढतात. एकजण हिरव्या पाल्यात बांधलेली चूड घेऊन झाडावर चढतो, ती पोळ्यापाशी झटकली की ठिणग्या खाली जातात आणि माशा त्या ठिणग्यांच्या मागे उतरतात. चढणारा तेवढ्या वेळात गाणे म्हणत असतो, कारण माशीचे घर आपण मागतो आहोत हे तिला कळायला हवे. अज्जांनी काटकीने धुळीत पोळे काढून दाखवले. वरच्या कोपऱ्यात, फांदीला चिकटलेला जाड भाग म्हणजे मधाचा. आमच्याकडे त्याला कांदा म्हणतात. खाली पसरलेल्या भागात अंडी आणि अळ्या. हल्ली कांदाच कापायचा आणि खालच्या भागाला हात लावायचा नाही असे ठरले आहे, आणि झाडावर दहा पोळी असतील तर सगळी घ्यायची नाहीत हे तर आधीपासूनचे आहे, असे ते म्हणाले. हे सांगताना त्यांनी धुळीतल्या चित्राचा खालचा भाग तळहाताने अलगद झाकला. मधाच्या दर्जाचे निम्मे उत्तर इथे मिळते: अळ्यांसकट पिळलेला मध गढूळ होतो आणि लवकर आंबतो, कांद्याचा मध स्वच्छ राहतो.

उरलेले निम्मे उत्तर जमिनीच्या हक्कात आहे. सोलिगा पूर्वी शिकार करत, कंदमुळे आणि मध गोळा करत आणि रानात जागा बदलत नाचणीची थोडी शेती करत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७४ मध्ये या डोंगरात अभयारण्य जाहीर झाले आणि १९८७ मध्ये ते वाढवून सुमारे ५४० चौरस किलोमीटरचे झाले. शिकार बंद झाली, फिरती शेती बंद झाली, रानातले पोडू उठवून कडेला आणले गेले. राहिले ते वनोपज: मध, आवळे, शिकेकाई आणि दगडफूल. हे शेवटचे नाव वाचून मराठी वाचकाने थोडे थांबावे. आपल्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडते ते आपण किराणा दुकानातून पुडीत आणतो, आणि ते झाडांच्या सालींवरून खरवडून काढणारे कोण आहेत हा प्रश्न मला तरी चाळीस वर्षांत पडला नव्हता. सोलिगांच्या विक्रीच्या मालात ते मधाच्या बरोबरीने येते. १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत सोलिगा कुटुंबाच्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा वाटा अशा वनोपजाचा असल्याचे दिसले होते.

तोही गेला. २००२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, आणि त्यानंतर अभयारण्यातून विक्रीसाठी काहीही गोळा करण्यावर आलेली बंदी पुढच्या काही वर्षांत बिळिगिरीतही लागू झाली. ज्या माणसाने झाडावर चढून, गाणे म्हणून, अर्धे पोळे मागे ठेवून मध काढला तो ती बाटली विकायला निघाला की कायद्याने गुन्हेगार ठरू लागला. घरे चालवण्यासाठी माणसे कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांवर मजुरीला गेली. त्या वर्षांत बिळिगिरीचा मध म्हणून जे कुठे विकले गेले असेल, ते एक तर चोरून आणलेले होते किंवा दुसरीकडचे होते.

वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला. त्याच्या गौण वनोपजाच्या व्याख्येत मध आणि मेण ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वननिवासींचा मानलेला आहे. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने त्यातून वगळलेली नाहीत. सोलिगांनी ग्रामसभा भरवल्या, आपले देव, झरे आणि मधाची झाडे कुठे आहेत याचे नकाशे केले आणि सामूहिक वनहक्काचे दावे दाखल केले. या कामात सोलिगांतले पहिले पीएच.डी. झालेले डॉ. सी. मादेगौडा यांच्यासारखी समाजातलीच माणसे पुढे होती. दरम्यान २०११ च्या जानेवारीत हेच जंगल व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित झाले आणि सगळे पुन्हा अडकते की काय अशी स्थिती आली. पण त्याच वर्षी २ ऑक्टोबरला २५ ग्रामसभांना सामूहिक वनहक्काची मान्यता मिळाली. व्याघ्र प्रकल्पाच्या आत असे हक्क मान्य होण्याचे हे देशातले पहिले उदाहरण. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावाने आपला बांबू आपण विकला, ते मराठी वाचकाला माहीत आहे. बिळिगिरीची गोष्ट त्याच वळणाची आहे, फक्त तिथे रानात वाघ आहे, आणि वाघाचे नाव पुढे आले की माणसाचा हक्क आपोआप मागे पडतो हा आपल्याकडचा अनुभव आहे.

वाघाचे काय झाले, हे विचारणे रास्तच आहे. अधिकृत गणनेचे आकडे देऊन असे सांगितले जाते की २०१० ते २०१४ या काळात या जंगलातले वाघ ३५ वरून ६८ वर गेले. ही वाढ केवळ सोलिगांमुळे झाली असे मी म्हणणार नाही, त्याला अनेक कारणे असतात. परंतु माणसे राहिली, मध काढत राहिली म्हणून वाघ कमी झाले नाहीत, एवढे तरी त्यातून दिसते.

या हक्कात जे मिळाले नाही तेही नोंदवते. शिकारीचा पारंपरिक हक्क वनहक्क कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळला आहे. शिकार आणि संकलन यांवर जगलेल्या समाजाला त्यातले संकलन तेवढे परत मिळाले. आग लावण्याचा हक्कही मिळाला नाही. सोलिगा पूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाशी जमिनीवरचा वाळका पालापाचोळा हलकेच जाळत. त्या आगीला ते तरगु बेंकी म्हणतात. अभयारण्यानंतर ती बंद झाली, आणि सोलिगांचे म्हणणे असे की तेव्हापासून घाणेरी (लँटाना) हे परदेशी झुडूप माजले आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगुळे वाढली. १९९७ ते २००८ या काळात त्या जंगलात घाणेरीचा पसारा जवळपास दुप्पट झाल्याचे संशोधकांनी मोजलेले आहे. देवळाच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना ती पुरुषभर उंच दिसते, खाली गवत नाही, झाडांची रोपे नाहीत. तिच्या झुडपांत वाट काढत मधाच्या झाडापर्यंत पोहोचणे अवघड झाले आहे आणि आत हत्ती उभा असला तर दिसत नाही, असे अज्जा सांगत होते. तुमच्या बाटलीतल्या मधाला ज्या रानफुलांची चव आहे त्या झाडांची पुढची पिढी या झुडपांखाली दबलेली आहे. रान राखण्याचा हक्क कागदावर ग्रामसभेला असूनही ते राखण्याची जुनी रीत वापरता येत नाही, ही या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे आणि मधाच्या चवीशी तिचा सरळ संबंध आहे.

आता तक्रारी. घरपोच मागवलेल्या चार बाटल्यांपैकी एकीचे झाकण नीट बसलेले नव्हते. खोके आले तेव्हा वर्तमानपत्राचे बोळे मधाने भिजले होते आणि पाव किलोपेक्षा जास्त मध वाया गेला होता. विक्रेत्याने आधी चित्रफीत मागितली, मग पाच दिवसांनी खेद व्यक्त करणारा एक ओळीचा निरोप पाठवला, आणि पैसे परत मिळायला महिना लागला. दुसऱ्या एका बाटलीतला मध पावसाळ्यात फसफसला आणि झाकण उघडताच फेस बाहेर आला. आग्या मधात पाणी जास्त राहिले की असे होते, हे मला ठाऊक असल्यामुळे मी तो फेकला नाही, पण ज्याला ठाऊक नाही तो भेसळ म्हणून फेकून देईल. म्हणून बाटलीवर दोन ओळींची सूचना असायलाच हवी. काचेची बाटली, आतून चकती असलेले झाकण आणि मध काढल्याचा महिना, एवढे केले तर निम्म्या तक्रारी उरणार नाहीत.

लेबलाविषयीची तक्रार मात्र यापेक्षा गंभीर आहे. तिन्ही विक्रेत्यांच्या लेबलांवर वाघाचे चित्र होते. एकावर 'मानवाचा स्पर्श न झालेल्या अरण्यातून' असे छापलेले होते. या वाक्याने मला फार वाईट वाटले. ज्या अरण्यात प्रत्येक झऱ्याला आणि कातळाला कोणत्या ना कोणत्या कुळाचे नाव आहे, जिथे अमावास्येच्या रात्री माणूस गाणे म्हणत झाडावर चढतो म्हणून ही बाटली भरते, त्या अरण्याला माणसाचा स्पर्श नाही असे म्हणणे म्हणजे १९७४ नंतर सोलिगांना ज्या समजुतीने बाहेर काढले तीच समजूत ग्राहकाला विकणे होय. फक्त एका लेबलावर 'सोलिगा' हा शब्द होता. ग्रामसभेचे किंवा पोडूचे नाव एकावरही नव्हते, सामूहिक वनहक्काचा उल्लेख नव्हता, काढणाऱ्याला किलोमागे किती मिळाले याची ओळ नव्हती. ही शेवटची माहिती देणे अवघड नाही. रानमधाची केंद्राने ठरवलेली किमान आधारभूत किंमत २०२० मध्ये किलोला २२५ रुपये होती. मी तिथे अर्ध्या किलोला ४०० रुपये मोजले आणि घरपोच बाटलीला ५५०. मधला पैसा गाळण्याला, बाटलीला आणि वाहतुकीला लागतो हे मला मान्य आहे. झाडावर चढणाऱ्याच्या वाट्याला त्यातले किती जाते हे छापले, तर मी आणखी पन्नास रुपये देईन.

नावे छापण्याचा हा आग्रह मी का धरते, त्याचे कारण म्हैसूरच्या एका दुकानात मिळाले. तिथे बिळिगिरीच्या बाटल्यांशेजारी तशाच बाटल्या होत्या, 'नागरहोळेचा वनमध' म्हणून. नागरहोळे तिथून फार दूर नाही, रानही दाट आहे, आणि तिथले मध काढणारे आहेत जेनु कुरुब, ज्यांच्या नावातच मध आहे. परंतु त्यांची गोष्ट वेगळी झाली. १९७० आणि ८० च्या दशकांत त्यांच्या हाड्या, म्हणजे वस्त्या, राष्ट्रीय उद्यानासाठी उठवल्या गेल्या आणि अनेक कुटुंबे कॉफीच्या मळ्यांच्या चाळींत राहायला गेली. त्याच उद्यानात एका मोठ्या हॉटेल कंपनीला विश्रामधाम चालवण्यासाठी जागा भाड्याने दिली गेली होती. आदिवासी त्याविरुद्ध उभे राहिले आणि १९९७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो व्यवहार बेकायदा ठरवला. वनहक्काचे दावे मात्र वर्षानुवर्षे पडून राहिले किंवा फेटाळले गेले. शेवटी ५ मे २०२५ रोजी ५२ जेनु कुरुब कुटुंबे करडीकल्लू अत्तूर कोल्ली या आपल्या जुन्या हाडीच्या जागी चालत परत गेली आणि तिथे त्यांनी झोपड्या उभारायला घेतल्या. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२४ मध्ये, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र लिहून व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांतली ५९१ गावे आणि ६४,८०१ कुटुंबे हलवण्याच्या कामाला वेग द्या असे सांगितले होते.

मग त्या 'नागरहोळेच्या वनमधा'चे काय? तो मध कोणी काढला, त्याला तो काढण्याचा हक्क होता का, की तो हक्क नाकारलेल्या माणसाकडून तो मिळेल त्या भावाने उचलला गेला, हे दुकानदाराला सांगता आले नाही. मी ती बाटली घेतली नाही. मधाच्या चवीत दोष असेल म्हणून नव्हे. तो कदाचित बिळिगिरीच्या मधाइतकाच चांगला असेल. ज्याच्या घरच्या रानातला तो मध आहे त्याला त्याच रानात घुसखोर म्हटले जाते, आणि त्याच रानाचे नाव बाटलीवर विकले जाते, हे मला पटले नाही. बिळिगिरीच्या बाटलीबाबत निदान कायद्याचा एक कागद मागे उभा आहे आणि विक्रेत्याला त्याबद्दल विचारता येते.

घेणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. शक्यतो जूनमध्ये किंवा जुलैच्या सुरुवातीला मागवा, तेव्हा नुकताच काढलेला मध मिळतो. वर्षभर एकच चव अपेक्षित असेल तर हा मध तुमच्यासाठी नाही, कारण रानात जे फुलले असेल तसा तो लागतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, पण पावसाळ्यात बाटली कोरड्या जागी ठेवा आणि ओला चमचा घालू नका. कढत चहात घालून त्याची चव मारू नका. आमच्याकडे तो सकाळी नाचणीच्या गरम भाकरीवर लोण्याबरोबर घेतो, आणि त्या भाकरीवर त्याचा कडवटपणा अगदी योग्य लागतो. सर्दी-खोकल्यावर हा मध गुणकारी आहे, असे विक्रेते छापतात. मी तसा काही दावा करत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळांना कोणताही मध देऊ नये हे डॉक्टर सांगतातच, ते या मधालाही लागू आहे.

गेल्या वर्षी मी त्या तीनही विक्रेत्यांना एकच मजकूर असलेले पत्र पाठवले होते: मध कोणत्या ग्रामसभेच्या हद्दीतला, कोणत्या महिन्यात काढलेला आणि काढणाऱ्याला किती दिले, एवढे तीनच प्रश्न. दोघांचे उत्तर आले नाही. तिसऱ्याने लिहिले की छापील लेबले आधीच केलेली आहेत, ती संपेपर्यंत बदलता येणार नाहीत, पण पाहतो. सातवी बाटली त्यांच्याकडूनच मागवली. वाघ अजून लेबलावर आहे. मात्र बाटलीच्या मागच्या बाजूला कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर निळ्या शाईने हाताने दोन ओळी लिहिलेल्या आहेत. अक्षरे कन्नड असल्यामुळे मी तिचा फोटो त्या गाडीवाल्याला पाठवला. त्याने वाचून सांगितले की वरच्या ओळीत पोडूचे नाव आहे, खालच्या ओळीत मे महिना. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पट्टीवर नाही. ते मी पुन्हा विचारले आहे.